आधी सोडा, मग साबण

चौल, नागाव, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यात वाडीतल्या विहिरीचं पाणी बारमाही गोड राहणं ही घराची मोठी मिळकत समजली जाते. पाऊस संपल्यावर काही महिने बहुतेक विहिरी गोडच असतात. मग शिमगा उलटतो, नारळी-पोफळी शिंपायला पंप जास्त वेळ चालू लागतात आणि पाण्याची चव बदलते. वैशाखात कित्येक विहिरी मचूळ होतात. डाळ शिजता शिजत नाही. धुण्याच्या दगडावर साबणाची वडी झिजत जाते, पण फेस धरत नाही. कपड्यांवर पांढुरका चिकट थर बसतो आणि वाळल्यावर पंचा पत्र्यासारखा कडक होतो.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर स्वस्तात कपडे धुण्याची कुठलीही गोष्ट या पाण्यापासून सुरू करावी लागते. घरच्या घरी धुण्याची पावडर करण्याच्या कृती आता हातोहात फिरतात. साबण किसा, सोडा मिसळा, हवा तर टाकणखार घाला, बरणीत भरून ठेवा. दुकानातल्या पावडरीपेक्षा खर्च बराच कमी येतो, असं त्यात सांगितलेलं असतं. कृती खोटी नाही. मात्र ती बेतलेली असते नळाच्या मऊ पाण्यावर, आणि वाडीतल्या विहिरीवर तिचा सगळा हिशेब बिघडतो.

हिशेब असा आहे. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण होतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं, की साबण मळाला हात लावण्याआधी त्यांनाच जाऊन चिकटतो आणि न विरघळणारा साका होऊन बसतो. प्रयोगशाळेच्या कागदावर पाण्याचा हा गुण ‘कठीणपणा’ या नावाने येतो आणि तो लिटरला किती मिलीग्रॅम, असा मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० मिलीग्रॅमपर्यंतचा कठीणपणा स्वीकारार्ह धरला आहे. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आता ३०० मिलीग्रॅमची एक विहीर धरा. तिच्या वीस लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम कठीणपणा उतरतो. एक ग्रॅम कठीणपणा साधारण सहा ग्रॅम साबण खातो. म्हणजे एका बादलीमागे ३६ ग्रॅम साबण, पहिला टिकाऊ फेस येण्याआधीच, वाया गेला. ६०० मिलीग्रॅमच्या पाण्यात हाच आकडा ७२ ग्रॅमवर जातो. अंगाच्या साबणाच्या कितीतरी वड्या बाजारात ७५ ग्रॅमच्याच येतात.

हेच काम साबणाऐवजी धुण्याच्या सोड्याकडून करून घेतलं, तर ६ ग्रॅम कठीणपणाला साडेसहा ग्रॅमच्या आसपास सोडा पुरतो. तो कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात खाली बसवतो आणि मागून येणाऱ्या साबणाला वाट मोकळी करून देतो. किराणा दुकानात धुण्याचा सोडा कोणत्याही साबणापेक्षा स्वस्त असतो. स्वस्त धुण्याचं मर्म या अदलाबदलीत आहे: छत्तीस ग्रॅम महाग वस्तूची जागा सहा-सात ग्रॅम स्वस्त वस्तू घेते.

यासाठी दोन्ही जिनसा एका बरणीत कालवून ठेवण्यात काही राम नाही. एकत्र मिसळून बादलीत टाकल्या, तर साबण आणि सोडा कॅल्शियमवर एकाच वेळी तुटून पडतात आणि थोडा साबण तरीही फुकट जातो. दोन डबे वेगळे ठेवावेत. बादलीत आधी सोडा घालून ढवळावा, दहा-पंधरा मिनिटं थांबावं, मग साबण. वीस लिटरला एक सपाट मोठा चमचा सोडा मध्यम पाण्याला पुरतो. कपडे फार मळके किंवा तेलकट असतील तर दोन. साबण म्हणजे कपड्यांची साधी वडी. ती आधी पंधरा दिवस उघडी वाळू द्यावी, म्हणजे किसणीला चिकटत नाही आणि किसही हलका होतो. मूठभर कीस तांब्याभर कढत पाण्यात विरघळवून ते पाणी बादलीत ओतावं. ज्या घरी अंघोळीचा बंब अजून पेटतो, तिथे कढत पाण्याचा वेगळा खर्चही नाही.

सोडा कोणता, हे दुकानात नीट सांगावं लागतं. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा त्याचाच सौम्य भाऊबंद, पण पाणी मऊ करण्याच्या कामी तो फारसा येत नाही. खाण्याचा सोडा तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाऊन त्याचा धुण्याचा सोडा होतो. एक किलो तापवला तर हाती सुमारे ६३० ग्रॅम उरतो. गंमत म्हणून करायला ठीक. पैसे वाचवायचे तर धुण्याचाच सोडा घ्यावा. टाकणखार मात्र या किनाऱ्यावर मुळीच नको. त्याचं कारण वाडीत दडलेलं आहे, ते पुढे येईल.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता, पण समुद्र मध्ये येतो.

समुद्राच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला सुमारे ६,३०० मिलीग्रॅम असतो. उपसा वाढून शंभर भाग गोड पाण्यात पाच भाग समुद्र शिरला, तरी विहिरीच्या कठीणपणात तीनशेच्या आसपास भर पडते. आणि समुद्राच्या या कठीणपणातला मोठा वाटा मॅग्नेशियमचा असतो. कॅल्शियम सोड्यापुढे चटकन नमतो. मॅग्नेशियम थंड पाण्यात तसा बधत नाही. त्याला जास्त सोडा, गरम पाणी आणि वेळ, तिन्ही द्यावं लागतं. त्यातच पाण्यातलं मीठ साबणाला विरघळू देत नाही. साबणाच्या कारखान्यात काढ्यातून साबण वेगळा करायला मीठच टाकतात; मचूळ बादलीत तीच क्रिया छोट्या प्रमाणावर घडते.

यावर एक उतारा किनाऱ्याच्याच झाडावर लटकलेला आहे. खोबरेल तेलातली मेदाम्लं बुटक्या साखळीची असतात, म्हणून खोबरेलाचा साबण मीठ असलेल्या पाण्यातही फेस देतो. जहाजांवरच्या खलाशांसाठी समुद्राच्या पाण्यात चालणारा साबण नारळाच्या तेलापासून करत, तो याच गुणामुळे. नारळाच्या मुलखाला मचूळ पाण्याचा साबण असा घरातच सापडायला हवा होता. अडचण दराची आहे. खोबरेल आज इतकं महाग झालंय, की ते कपड्यांवर घालणं कुणालाही परवडणार नाही. वाडीत किडलेलं, कोंब आलेलं, खायला न लागणारं खोबरं उरत असेल आणि घाणा जवळ असेल, तरच या वाटेने जावं.

तेलाची या किनाऱ्याला जुनी सवय आहे. नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्रायली ज्यू लोक तेल गाळण्याचा धंदा करत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आजही आहे. त्या काळी दिव्यात आणि होडीच्या फळ्यांवर वापरायला उंडीसारख्या बियांचं कडू तेल असे. उंडीचं झाड समुद्राच्या वाऱ्याला दाद देत नाही आणि अगदी भरतीच्या रेषेजवळ उभं राहतं. त्याच्या गरात निम्म्याहून अधिक तेल असतं. करंजाचं तेल तसंच अखाद्य, तसंच कडू. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहू लागले, तेव्हा घाण्याचं तेल, हातकागद, मधमाशापालन यांच्या जोडीला साबणही आला. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलं आणि साबण हा आपल्या कामाचा भागच केला. खाण्याचं तेल कपड्यांवर कशाला घालायचं, जंगलात आणि बांधावर सडणाऱ्या बिया का गोळा करू नयेत, हा त्यामागचा विचार होता. तो विचार आजही खरा आहे. बिया गोळा करणारे हात आणि गाळणारे घाणे मात्र कमी झाले.

साबण घरोघर येण्याआधी कपडे कशाने धुतले जात? राखेने. घरचं धुणं राखेच्या निवळीत भिजे. परीट कपडे खारात बुडवून भट्टीवर वाफवत आणि कुणाचा कपडा कोणता, हे ओळखायला बिब्ब्याच्या रसाने खूण करत. धुतलं तरी न जाणारी ती खूण. नऊवारीला भाताच्या पेजेची खळ पडे. रेशमी वस्त्रं आणि लोकर रिठ्याच्या पाण्याशिवाय दुसऱ्या कशाला दिली जात नसत.

मग साहेबाचा साबण आला. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या, त्यांवर इंग्लंडात लिव्हर बंधूंनी बनवल्याचा शिक्का होता. १९३४ मध्ये त्याच कंपनीचा साबणाचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला. १९५९ मध्ये सर्फ आलं आणि वडीच्या जागी पावडर बसली. ती साबण नव्हतीच. ती होती पेट्रोलियमपासून बनवलेली, कॅल्शियमला न घाबरणारी नवी वस्तू. शहरातल्या मध्यमवर्गाला ती परवडली, बाकीच्यांना नाही.

स्वस्त पावडरीचा खरा इतिहास १९६९ मध्ये अहमदाबादला घडला. करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या भूविज्ञान आणि खनिकर्म खात्यात रसायनतज्ज्ञ होते. नोकरी सांभाळून घराच्या मागच्या अंगणात ते पिवळी पावडर कालवत आणि सायकलवरून दारोदार विकत. मुलगी निरुपमा हिच्या नावावरून पावडरीचं नाव निरमा ठेवलं. दर होता सर्फच्या पाव हिश्शाच्या आसपास. त्या उद्योगात पावडर वाळवण्याचा मोठा मनोरा नव्हता, वाफेचे बॉयलर नव्हते. सोडा, ॲसिड स्लरी आणि भरणीचा माल हाताने कालवायचा, वाळवायचा, चाळायचा, पिशवीत भरायचा. पुढे सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरला जाहिरातीत ललिताजी नावाची हिशेबी गृहिणी उभी करून महाग पावडरीची बाजू मांडावी लागली आणि अखेर व्हील ही स्वस्त पावडर काढावी लागली. १९८३ मध्ये केरळात त्रिशूरजवळ एम. पी. रामचंद्रन यांनी अशाच घरगुती प्रयोगातून उजाला नीळ काढली. अंगणात कालवलेल्या मालाने मोठ्या कंपन्यांना दर बदलायला लावल्याची ही उदाहरणं आहेत. आजचे बचत गट पावडर कालवायला बसतात तेव्हा ते याच वाटेवर असतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

ॲसिड स्लरी ज्यापासून होते ते रसायन रायगड जिल्ह्यातच तयार झालं आहे. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी रिलायन्सने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिनियर अल्किल बेंझिनचा कारखाना उभारला. केरोसिनमधून काढलेल्या सरळ साखळीला बेंझिन जोडून हे तेल करतात. त्यावर गंधकाम्लाच्या जातीची प्रक्रिया झाली की गडद तपकिरी, दाट स्लरी मिळते. तळोज्यात गॅलेक्सी सर्फॅक्टंट्ससारखी कंपनी फेसाळ रसायनं बनवून जगभर पाठवते. ‘सरळ साखळी’ला अर्थ आहे. १९५०-६०च्या दशकांत फांद्यांच्या साखळीची डिटर्जंट वापरात होती. ती पाण्यात कुजत नसत आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचत. सरळ साखळीचं रसायन हवेशीर पाण्यात जिवाणू खाऊन टाकतात. कोंडलेल्या, प्राणवायू नसलेल्या गटारात मात्र ते तसंच पडून राहतं.

मचूळ पाण्याच्या गावात या रसायनाशी भांडण मांडण्यात अर्थ नाही. वैशाखातल्या विहिरीला निव्वळ साबण पुरत नाही, हे मान्य करावं. त्या दोन-तीन महिन्यांत आधी सोडा आणि मग एरवीच्या निम्मी दुकानातली पावडर, हा सर्वांत स्वस्त आणि चालणारा तोडगा आहे. धुलाई यंत्र असलेल्या घराने तर तो वर्षभर पाळावा, कारण यंत्रात साबणाचा साका नळ्यांत आणि पिंपाच्या मागे साचतो आणि पावसाळ्यात त्यालाच कुबट वास सुटतो.

स्लरी घरात आणून पावडर कालवण्याचा मोह मात्र टाळावा. ती तीव्र आम्ल आहे. कातडी भाजते, डोळ्यात उडाली तर कायमची इजा करते. सोड्यात ओतली की उष्णता आणि फेस यांचा उमाळा येतो. गटाने, उघड्या जागी, हातमोजे-चष्मा घालून, ज्याला हे काम येतं त्याच्या देखरेखीखाली हे करता येतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही.

घरी खरोखर करून पाहावी अशी गोष्ट वेगळी आहे आणि तिचा कच्चा माल या किनाऱ्यावर वाया जातो आहे. नागाव, काशिद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर इथल्या घरगुती खानावळींत शनिवार-रविवारी मासे तळले जातात आणि कढईत काळं पडलेलं तेल उरतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून बंधन घातलं आहे: तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. असं तेल पुन्हा कुणाच्या वड्यात जाऊ नये, गटारातही जाऊ नये. त्याचा कपड्यांचा साबण उत्तम होतो.

तेल फडक्यातून गाळून घ्यावं. माशाचा वास काढायला ते मिठाच्या पाण्याबरोबर मंद आचेवर गरम करावं, रात्रभर ठेवावं आणि खालचं पाणी फेकून द्यावं. तेलात पाण्याचा थेंब राहू देऊ नये. एक किलो सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाला पुरता साबण व्हायला साधारण १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पामतेलाला १४०च्या आसपास. घरी करताना किलोला १२८ ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडं तेल उरतं आणि कॉस्टिक मोकळा राहत नाही. पाणी ३०० मिलिलिटर, शक्यतो पावसाचं. वजन काट्यावरच करायचं, वाटी-चमच्याने नाही. कॉस्टिक पाण्यात हळूहळू टाकायचा. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही, ते उसळतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचं टोप चालणार नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. मुलं आणि मांजरं लांब. कॉस्टिक अंगावर उडाला तर भरपूर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं, दुसरं काही चोळत बसायचं नाही.

पाणी कोमट झालं की ते तेलात ओतून लाकडी दांड्याने ढवळत राहायचं. ताकाचं पिठलं होईल इतपत दाट झालं की साच्यात ओतायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि सावलीत महिनाभर वाळवायच्या. हे सगळं दसऱ्यानंतर करावं. पावसाळ्याच्या दमट हवेत वडी घाम सोडते आणि वाळतच नाही. सूर्यफूल आणि सोयाबीनची वडी मऊ होते, पामची टणक. दोन्ही मिसळली तर हाताला बरी लागते. एक किलो टाकाऊ तेलातून सव्वा किलोच्या आसपास कोरडा साबण निघतो आणि खर्च उरतो फक्त कॉस्टिकचा. थंडीच्या दिवसांत, विहीर गोड असताना, या साबणापुढे दुकानातली कुठलीही वडी स्वस्त ठरणार नाही.

आणखी एक कच्चा माल फुकट आहे. बंबात आणि चुलीत जळतात ती सोडणं, करवंट्या, झावळ्या, पोयी. नारळाच्या सोडणाच्या राखेत पोटॅश भरपूर असतं. पांढरी राख चाळून घ्यावी, तळाला भोक असलेल्या मडक्यात काथ्याचा बोळा घालून वर राख दाबून भरावी आणि हळूहळू पाणी सोडावं. खाली निथळतं ते पिवळसर, बोटांना बुळबुळीत लागणारं पाणी म्हणजे पोटॅशियम कार्बोनेटची निवळ. सोड्याचं काम ती करते. निवळ किती दाट उतरेल याचा नेम नाही, म्हणून तिचं प्रमाण ज्याचं त्याने ठरवायचं. गोधड्या, पायपुसणी, जाड चादरी यांना ती छान. रंगीत कपड्यांना आणि रेशमाला नको. हातालाही कोरडी लागते.

रिठ्याची गोष्ट निराळी. कोकणात मिळणाऱ्या रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. ते साबणासारखं फेसतं, पण जड पाण्यात त्याचा साका होत नाही आणि खारही नसतं. म्हणूनच पैठणीला, शालीला रिठा आणि सोनाराच्या वाटीतही रिठाच. मूठभर साली, बी काढून, दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी उकळून, कुस्करून गाळाव्यात. हे पाणी दोन दिवसांत आंबतं, तेव्हा लागेल तेवढंच करावं. शर्टाच्या कॉलरचा मळ किंवा माशाच्या कालवणाचा डाग रिठ्याने निघेल, अशी आशा ठेवू नये. आणि रिठ्याचं पाणी तळ्यात, ओढ्यात, खाजणात सोडू नये. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना मारतं. नैसर्गिक म्हटलेली प्रत्येक गोष्ट निरुपद्रवी नसते, याचं हे जवळचं उदाहरण आहे.

आता वाडी. किनाऱ्यावरच्या घरांत धुण्याचा दगड विहिरीजवळ असतो आणि धुण्याचं पाणी पाटाने अळवाला, केळींना, पुढे नारळी-पोफळींना जातं. ही पद्धत शहाणपणाची आहे; उन्हाळ्यात थेंबही वाया जात नाही. पण पाण्याबरोबर सोडियमही जातं. सोडियम मातीचे कण सुटे करतं, माती चोपून बसते, पाणी झिरपत नाही. नारळ खारं पाणी सोसतो. त्याच्या बुंध्याशी मीठ घालण्याची चालच आहे. पोफळ तसं सोसत नाही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर इथल्या कित्येक घरांचा वर्षाचा खर्च चालतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा पोफळी मोडून जमीनदोस्त झाल्या. त्यानंतर लावलेली रोपं अजून कोवळी आहेत. त्यांच्या आळ्यात सोड्याचं पाणी सोडणं हे घरचं नुकसान घरच्याच हाताने करणं आहे. टाकणखार नको म्हटलं तेही यासाठी: त्यातलं बोरॉन झाडाला चिमूटभर लागतं आणि त्याहून थोडं जास्त झालं की पानांच्या कडा जाळतं.

तेव्हा सोड्याचं पहिलं पाणी नारळाकडे वळवावं, तेही एकाच झाडाला रोज नको; खळबळल्याचं पाणी केळी-अळवाला. राखेच्या निवळीत सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि केळीला पोटॅश लागतंच. पाटाला एक दगडी फळी आडवी लावली तरी ही वाटणी होते.

विक्रीचा विचार करणाऱ्या बचत गटांसाठी दोन गोष्टी. कपड्यांचा साबण किंवा पावडर ही सौंदर्यप्रसाधनं नव्हेत. अंगाचा साबण मात्र त्यात मोडतो, त्याला परवाना लागतो. त्यामुळे ‘हाच साबण अंगालाही चालतो’ असं वेष्टनावर छापू नये. पाकिटावर वस्तूचं नाव, निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष आणि बनवणाऱ्याचा पत्ता हवा. वजनमापांचा २०११ चा नियम तसं सांगतो. धुण्याच्या पावडरीसाठी आयएस ४९५५ हे भारतीय मानक आहे. ते वाचून काम करणारा गट फसणार नाही. दुसरी गोष्ट मालाची. मोठ्या कंपनीच्या दहा रुपयांच्या पुडीशी दरात टक्कर देण्यापेक्षा गटाने सोडा आणि तळणीच्या तेलाची वडी अशी जोडी विकावी, सोबत गावच्या पाण्याला किती सोडा लागतो ते लिहून द्यावं. हे कुठल्याही कंपनीला जमणारं नाही, कारण गावची विहीर तिला माहीत नाही.

गावाला तरी ती माहीत आहे का? एक सोपी चाचणी घरी करता येते. पारदर्शक बाटलीत विहिरीचं पाणी आणि साबणाचा थोडा कीस घालून जोराने हलवावं. दुसऱ्या बाटलीत तेच पावसात पागोळीखाली धरून ठेवलेल्या पाण्याने करावं. पावसाच्या पाण्याच्या बाटलीत फेस टिकतो, विहीर कठीण असेल तर तिच्या बाटलीत पाणी दुधाळ होऊन वर साका तरंगतो. मात्र नेमकं प्रमाण ठरवायला आकडाच हवा, आणि तो आता गावातच मिळू शकतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्या संचात कठीणपणाची चाचणी असते. पुढच्या ग्रामसभेत आपल्या वस्तीतल्या विहिरींचा कठीणपणा विचारा. तो वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा वैशाखात, मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगा.